हातात किती, हे विचारायचं नाही

ऑफर लेटर आलं? अभिनंदन. आता पहिल्या पानावरचा ठळक आकडा वाचा आणि फाइल बंद करा. वार्षिक १२ लाख! एवढं पुरे. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत एक तक्ता असतो, शहाण्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये. तो वाचायला दिलेला नसतो, त्याखाली सही करायला दिलेला असतो.

या १२ लाखांना सीटीसी म्हणतात, म्हणजे तुम्ही कंपनीला कितीला पडता तो आकडा. त्यावरून आपल्याला किती मिळणार हे काढायला बसणं म्हणजे केटररच्या बिलावरून आपल्या पानात किती जिलब्या पडतील हे मोजणं. हा आकडा खर्च करायचा नसतो, सांगायचा असतो. आईने लिफ्टमध्ये, मामाने स्थळ सुचवताना. 'बाराचं पॅकेज' असंच म्हणायचं. 'पगार' म्हणालात की समोरचा लगेच विचारतो, "हातात किती?"

हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या हाताशी कागद-पेन लागू देऊ नका. मी दिलं. माझे सासरे जन्मभर सरकारी नोकरीत, महागाई भत्त्याचा टक्का तोंडपाठ. गेल्या वर्षी लग्नाची बोलणी चालू असताना त्यांनी चहाची बशी बाजूला सारली आणि कुणाच्या तरी पत्रिकेच्या पाकिटामागे हिशेब मांडला. मूळ पगार निम्मा, म्हणजे महिना ५०,०००. त्यावर १२ टक्के कंपनीचा पीएफ, वर्षाचे ७२,०००. "हे कंपनी भरते ना?" "हो, पण माझ्या बारातूनच." ग्रॅच्युइटी २८,८४६, तीही बारातून. विम्याचा हप्ता १५,०००, तोही. व्हेरिएबल १,२०,०००. "हे कधी मिळतात?" "कंपनीचं वर्ष चांगलं गेलं तर." त्यांनी तेही वजा केले. उरलं त्याला बाराने भागलं, त्यातून माझ्या वाट्याचा पीएफ ६,००० आणि व्यवसाय कर २०० काढला, आणि खाली दोन रेघा ओढल्या. ७४,१४६.

"इन्कम टॅक्स लागत नाही, नव्या रेजीममध्ये," मी बाजू सावरली.

"फेब्रुवारीत ७४,०४६," ते म्हणाले. व्यवसाय कर वर्षाला २,५००, दोनशेने बारा महिन्यांत २,४००च होतात, म्हणून राहिलेले शंभर फेब्रुवारीत कापतात. आमच्या ऑफिसात हे कुणाला ठाऊक नव्हतं. आम्ही दर फेब्रुवारीला सिस्टीममध्ये बग आहे म्हणून तिकीट टाकायचो.

तेव्हा तुम्ही माझ्यासारखे वागू नका. ग्रॅच्युइटीचंच घ्या. सरकारी मराठीत तिला 'उपदान' म्हणतात. शब्दातच केवढं औदार्य! मूळ कायदा १९७२चा. नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. कायम नोकरीवाल्याला त्यासाठी साधारण पाच वर्षं एका जागी काढावी लागतात. तुमच्या पॅकेजात मात्र ती पहिल्या दिवसापासून मोजलेली असते. तुम्ही तीन वर्षांनी उठलात की तुमच्या नावावर मिरवलेले ते पैसे कंपनीकडेच राहतात. म्हणून राजीनामा नेहमी साडेचार वर्षांच्या आसपास द्यावा. एवढं थांबल्यावर जाण्यात जी मजा आहे ती तिसऱ्या वर्षी नाही.

आणि जाताना पीएफ काढून घ्या. दुसऱ्या कंपनीत ट्रान्सफर केलात तर जुनी वर्षं धरली जातात, व्याज चढत राहतं, उतारवयात पैसे शिल्लक राहण्याचा धोका संभवतो. त्यापेक्षा पाच वर्षं पुरी व्हायच्या आत काढा, त्यावर कर भरा आणि उरलेल्यात बुलेट घ्या.

एलटीएचं, म्हणजे प्रवासभत्त्याचं, फार मनावर घेऊ नका. चार वर्षांत दोन प्रवास, तेही देशातल्या देशात, आणि सूट फक्त भाड्याला. हॉटेल, मासे, सोलकढी तुमच्या खिशातून. नव्या रेजीममध्ये तर भाड्यालाही नाही. पण पगारपत्रकात ओळ छान दिसते.

मेडिक्लेमची पॉलिसी मात्र चुकूनही उघडू नका. कार्डावर तीन लाख लिहिलंय ना? झालं तर. खोलीभाड्याला दिवसाला एक टक्का मर्यादा आहे, हे आधी कळलं तर ॲडमिट होण्यातली सगळी गंमत जाते. तुम्ही बाबांसाठी निवांत सहा हजारांची खोली घ्या. मर्यादा तीन हजारांची, तेव्हा वरचे तीन भरू, असा तुमचा अंदाज असेल. तो डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर दुरुस्त होतो: खोली दुप्पट, म्हणून डॉक्टरांची फी आणि ऑपरेशन थिएटरचा खर्चही निम्माच मंजूर. काचेपलीकडची मुलगी हे अगदी गोड आवाजात सांगते. मागे रांग असते. आणि स्वतःची वेगळी पॉलिसी तर अजिबात काढू नका. नोकरी सुटली की हे कार्डही सुटतं, तोवर वय वाढलेलं असतं, शुगर निघालेली असते, आणि विमा कंपन्यांना असे लोक फार आवडतात.

राहिला जॉइनिंग बोनस. तो मिळाल्या दिवशीच संपवा. वर्षाच्या आत सोडलंत तर परत करावा लागतो, ही अट त्याच शेवटच्या पानावर आहे, म्हणजे आपल्याला माहीतच नाही.

यंदा मला आठ टक्के वाढ मिळाली. परवा जेवताना सासऱ्यांना सांगितलं. कशाच्या आठ टक्के, ते सांगितलं नाही. त्यांनी हात धुतले, चष्मा लावला आणि ते पाकीट शोधायला आत गेले.