आधी शिडी, मग शीड

आम्ही दोघं, नवरा आणि मी, शिडाच्या बोटीवरच राहतो. जूनमध्ये पुण्याला गेलो तेव्हा पहिले पंधरा दिवस, रात्री पावसाचा आवाज आला की मी झोपेतच ताडकन उठून छताकडे हात न्यायचे. बोटीत अंथरुणाच्या बरोब्बर वर हॅच, म्हणजे छतातली खिडकी असते, पाऊस आला की ती आधी लावायची. सासूबाईंच्या फ्लॅटमध्ये तिथे पंखा होता. "बोटं जातील गं एक दिवस," त्या म्हणायच्या.

चार महिन्यांत मी माणसात आले. टेबलावर ठेवलेला कप तिथेच राहतो, यावर विश्वास बसला. नळ सोडून दात घासायला लागले. आणि ऑक्टोबरात आम्ही परत लंकावीला निघालो.

मलेशियाच्या या बेटावर आमचं घर, म्हणजे ३६ फुटी शिडाची बोट, एका यार्डात लोखंडी टेकूंवर उभं होतं. पाण्यात असताना जेटीवरून एक ढांग टाकली की डेक. जमिनीवर तोच डेक दहा-बारा फूट उंच, आणि वर जायला कठड्याला दोरीने बांधलेली अ‍ॅल्युमिनियमची शिडी. बोटीतला संडास समुद्राच्या पाण्यावर चालतो आणि खाली समुद्र नाही, म्हणून तो बंद. यार्डाचा संडास दोनशे पावलांवर. रात्री अडीच वाजता टॉर्च दातात धरून, उलटं तोंड करून शिडी उतरायची. एकदा खाली पोचल्यावर कळलं की चपला वर राहिल्यात. मी दोन मिनिटं शिडीकडे पाहिलं आणि अनवाणीच गेले. संध्याकाळी सहानंतरचा चहा त्या दिवसापासून बंद.

बोटीचं दार उघडलं तेव्हा ओला टॉवेल, डिझेल आणि बंद माळा यांचा एकत्रित वास आला. नवऱ्याच्या चामडी पट्ट्यावर हिरवी मखमल उगवली होती. शेगडीच्या बर्नरमध्ये कुंभारमाशीने घर बांधलेलं, तेही आमच्यापेक्षा मजबूत. शंकेची पाल चुकचुकते म्हणतात. आमच्याकडे ती खरीच होती, नकाशांच्या खणात. नवरा म्हणाला, "या वेळी आठ दिवसांत बोट पाण्यात." पाल चुकचुकली. तीन आठवडे लागले.

बोटीत प्रत्येक वस्तू दुसऱ्या कुठल्या तरी वस्तूच्या खाली असते. पोह्यांना हळद हवी, तर गादी उचला, फळी काढा, जादाचं शीड बाहेर ओढा, मग डबा. गादीवर इंजिनाच्या पाण्याच्या पंपाचे सुटे भाग ओळीने मांडून नवरा बसलेला. "अरे, जरा उठ." "आत्ता उठलो तर स्क्रू हरवेल." त्या दिवशी आम्ही पांढरे पोहे खाल्ले. स्क्रू तरीही हरवला.

आणि डोकं! चार महिन्यांत मान वाकवायची सवय गेली होती. पहिल्याच दिवशी सहा वेळा आपटलं, त्यात एकदा सासूबाईंशी बोलताना.

"कसला गं आवाज झाला?"

"डोकं."

"कुणाचं?"

"माझंच."

"मग ठीक आहे," म्हणाल्या. मुलाचं नव्हतं, एवढंच त्यांना हवं होतं.

तळाला शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून तांबं मिसळलेला रंग लावून झाल्यावर अखेर भरतीच्या वेळी क्रेनने बोट उचलून पाण्यात टेकवली. पट्टे सोडण्याआधी बोट तशीच लटकत ठेवून आत पाणी येतंय का ते बघायचं असतं. मी पोटावर पालथी पडून, टॉर्च घेऊन, एकेका झडपेला बोट लावून बघत होते. संडासाच्या झडपेपाशी बोटाला ओल लागली. माझ्या पोटात गोळा आला. चाखून पाहिलं तर खारट. नंतर कळलं, तो माझाच घाम होता.

रात्री बोट डुलायला लागली. तीन आठवड्यांनी चपला हाताशी, संडास चार पावलांवर, आणि कपातला चहा हळूहळू कडेला सरकतोय. मी गाढ झोपले.

इथल्या मलाक्काच्या सामुद्रधुनीत पहाटे पलीकडच्या सुमात्रा बेटाकडून वादळी सरी येतात, त्यांना 'सुमात्रा'च म्हणतात. पहाटे चारला ती आली. झोपेत मला छतावर पाऊस वाजताना ऐकू आला आणि किती बरं वाटलं म्हणून सांगू! पंख्याला हात लावायचा नाही, बोटं जातील, एवढं पक्कं आठवत होतं. मी पांघरूण ओढून कूस बदलली.

उघड्या हॅचखाली नवरा होता.