मागची लिफ्ट १,५०० किलोची, म्हणून पुढचा लोडर १,५०० किलोचा होत नाही

छोट्या ट्रॅक्टरला पुढे लोडर, म्हणजे माल उचलणारे दांडे आणि बकेट, बसवू पाहणाऱ्या शेतकऱ्यांमध्ये एक दावा सध्या फार फिरतो आहे. त्यात चार गोष्टी ठामपणे सांगितल्या जातात. माहितीपत्रकात हायड्रॉलिक लिफ्ट जितक्या किलोंची छापलेली असते, तितकेच वजन लोडर पुढे उचलतो. दोन ट्रॅक्टरांपैकी ज्याचे एचपी जास्त, त्याचा लोडर जास्त ताकदीचा. उचल कमी पडली, तर मिस्त्रीकडून प्रेशर वाढवून घ्यावे. आणि मागच्या टायरांत पाणी भरले की तोलाची काळजी उरत नाही. या विधानांत थोडेफार तथ्य मिसळलेले असल्यामुळे ती पटकन पटतात. पण त्यांच्या आधारे लोडर निवडला तर पैसे वाया जातात आणि उतारावर जिवावर बेतू शकते. म्हणून प्रत्येक विधान तपासून पाहणे आवश्यक आहे.

पहिले विधान मुळातच चुकीच्या आकड्यावर उभे आहे. माहितीपत्रकातील लिफ्टची क्षमता ही मागच्या थ्री पॉइंट लिंकेजची, म्हणजे नांगर किंवा रोटाव्हेटर उचलणाऱ्या दांड्यांची असते. ट्रॅक्टरच्या अधिकृत चाचणीत ती खालच्या दांड्यांच्या टोकाशी आणि त्या टोकांच्या ६१० मिलिमीटर मागे, अशा दोन ठिकाणी मोजतात आणि दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कमी येतो. लोडरचे जॅक (तेलाच्या दाबाने दांडे उचलणारे सिलिंडर) वेगळे, दांडे वेगळे आणि त्यांची लांबीही कितीतरी जास्त. पंप व तेल एकच असले, तरी मागच्या आकड्यावरून पुढची उचल काढण्याचा कोणताही मार्ग नाही. द्राक्षबागेत चालणाऱ्या २४ ते २७ एचपीच्या काही ट्रॅक्टरांचे स्वतःचे वजन ६५० किलोच्या आसपास असते, तर त्यांची मागची लिफ्ट ७५० किलोची असते. असा ट्रॅक्टर स्वतःपेक्षा जड ओझे पुढे धरून उभा राहील, हे मानणेच कठीण आहे.

लोडरची म्हणून जी क्षमता वेगळी छापलेली असते, तीही कुठे मोजली हे पाहिल्याशिवाय तुलनेला घेऊ नये. काही उत्पादक बकेटच्या पिनेवरचा, म्हणजे बकेट दांड्यांना जिथे जोडलेली असते तिथला, आकडा देतात, तर काही पिनेच्या ५०० मिलिमीटर पुढचा. बकेटमधला माल पिनेवर नव्हे, तिच्या पुढे असतो. दांडे ज्यावर वर-खाली फिरतात त्या लोडरच्या मागच्या खुंटीपासून बकेटची पिन १.८ मीटरवर आहे असे धरले, तर पिनेवर ५०० किलो उचलणारा लोडर अर्धा मीटर पुढे सुमारे ३९० किलोच उचलतो. एका कंपनीचा पिनेवरचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या ५०० मिलिमीटरवरच्या आकड्यासमोर ठेवून दुसरा लोडर कमकुवत ठरवणे हा निव्वळ अन्याय आहे. उंचीचेही तसेच आहे. दांडे वर जाताना जॅकचा कोन बदलतो, त्यामुळे बहुतेक लोडरांची पूर्ण उंचीवरची उचल मधल्या उंचीपेक्षा कमी असते. ट्रॉली भरायची असेल, तर उपयोगाचा आकडा पूर्ण उंचीचाच. जमिनीलगत बकेट वळवून माल उपटण्याचा जोर वेगळाच असतो आणि जाहिरातीत तो मोठा दिसतो, पण त्याचा उचलीशी संबंध नाही. अमेरिकी व्हिडिओंतले आकडे बहुधा पौंडांत असतात, हेही विसरू नये. तिथले १,००० म्हणजे आपले ४५४ किलो.

एचपीचे विधान थोडक्यात निकालात निघते. मिनिटाला २० लिटर तेल १५० बार दाबाने ढकलायला साधारण ५ किलोवॅट, म्हणजे ७ एचपीच्या आतबाहेर शक्ती लागते. एवढी शक्ती २० एचपीच्या इंजिनातही असते. लोडर किती उचलेल हे तेलाचा दाब, जॅकचा व्यास आणि दांड्यांची रचना यांवर ठरते. पंपाच्या लिटरवर केवळ वर जाण्याचा वेग ठरतो.

दाब वाढवला की उचल वाढते, हे खरे आहे. तेलाचा दाब ठरावीक मर्यादेत ठेवणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हमध्ये वॉशर घालून १५० बारचे १८० केले, तर जॅकचा जोर एक पंचमांशाने वाढतो. पण त्याबरोबर पंप, होज पाईप, ऑईल सील, पिना आणि लोडर जिथे बोल्टने बसवला आहे ती चौकट, या सर्वांवर तेवढाच ताण वाढतो, आणि ते भाग मूळ दाब धरून बनवलेले असतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांवर लोडरची खरी मर्यादा जॅकची नसते, तोलाची असते. माझ्या मते संपूर्ण दाव्यातला सर्वांत घातक सल्ला हाच आहे, कारण ट्रॅक्टर पेलू शकत नाही ते वजन उचलण्याची सोय तो करून देतो.

हा हिशेब एकदा आकड्यांनी करून पाहावा. ट्रॅक्टर १,१०० किलोचा आहे, त्यातले ६६० किलो मागच्या चाकांवर आहेत आणि दोन्ही एक्सलमधले अंतर १.६ मीटर आहे असे समजू. चालकाचे वजन बाजूला ठेवू. २५० किलोचा लोडर बसवला आणि त्याच्या वजनाचा मध्य पुढच्या एक्सलच्या ०.४ मीटर पुढे आला, की मागच्या चाकांवर ६०० किलोच्या आत वजन उरते. आता बकेटमध्ये ५०० किलो माल पुढच्या एक्सलपासून १.४ मीटरवर आला, तर मागे जेमतेम १६० किलो शिल्लक राहतात आणि पुढच्या एक्सलवर १,६९० किलो येतात. मालाचे ७५० किलो केले, तर मागची चाके जमीन सोडतात. चाके उचलली जाण्याच्या कितीतरी आधी धोका सुरू झालेला असतो, कारण बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. मागे १६० किलो असताना उतारावर ब्रेक दाबला, तर चाके थांबतात, ट्रॅक्टर घसरत राहतो. फोर व्हील ड्राइव्ह लावलेला असेल, तर पुढच्या चाकांनाही थोडी पकड मिळते; म्हणून लोडरचे काम करताना, विशेषतः उतारावर, तो लावलेलाच असावा.

याशिवाय पुढचा एक्सल मधल्या पिनेवर डुलता असतो. ट्रॅक्टरला आडवे कलंडण्यापासून वाचवतात ती मागची चाके. ती हलकी झाली आणि भरलेली बकेट उंच असली, तर एक चाक छोट्या खड्ड्यात गेले तरी ट्रॅक्टर कुशीवर पडू शकतो. भरलेली बकेट घेऊन चालताना ती गुडघ्याच्या वर नसावी, हा नियम याच कारणासाठी आहे.

टायरांत पाणी भरणे चांगलेच आहे. त्याने मागच्या चाकांवर वजन येते. पण ते वजन एक्सलवरच बसते, त्यामुळे पुढच्या एक्सलवरचा भार एक किलोनेही कमी होत नाही. वरच्या उदाहरणात २०० किलोचे अवजार मागच्या एक्सलच्या ०.९ मीटर मागे टांगले, तर मागच्या चाकांवर ३१२ किलो वाढतात आणि पुढचे ११२ किलो उतरतात. पुढच्या एक्सलची बेअरिंगे, सील आणि स्टिअरिंग टिकवायचे असतील, तर पाणी असो वा नसो, मागे वजन टांगावेच लागते.

शेवटी प्रश्न उरतो तो मालाचा. ०.२ घनमीटरच्या बकेटमध्ये ओली वाळू सपाट भरली, तरी ३८० किलोंच्या आसपास जाते. तेवढ्याच जागेत शेणखत ओलाव्यानुसार १०० ते १६० किलो भरते. शेणखतासाठी घेतलेली रुंद बकेट वाळूला किंवा मुरमाला लावली, तर वरचा सगळा हिशेब एका खेपेत कोलमडतो. लोडर घेताना विक्रेत्याकडून पूर्ण उंचीवरची आणि पिनेच्या ५०० मिलिमीटर पुढची उचल लेखी मागावी, आणि तो आकडा मागे किती किलो वजन टांगलेले धरून दिला आहे, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे.