ब्रेक बघा म्हटलं की…

चोर्ला घाटातून गोव्याला जायचंय, कारचे पुढचे ब्रेक जरा कुरकुरतायत, तेवढं बघा. मागणं एवढंच! पण बेळगावात चार दारं फिरलो आणि चार निकाल ऐकले.

उद्यमबागेतला मेस्त्री चाक न काढताच म्हणाला, "पॅड गेले की सगळे." (पॅड म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला, डिस्कला, दाबून धरणारे तुकडे.) दुसऱ्यानं गल्लीत एक फेरी मारली, करकचून दाबले आणि "एन आगूदिल्लरी (काही होत नाही), बिनधास्त जावा" म्हणून मोकळा. शोरूमवाल्यांनी पॅड, डिस्क, ऑईल असा लांबलचक कागद हातात दिला. शेजारचे काका तर म्हणे, "पावसाचा गंज असतोय रे, दोन-चारदा दाबलास की जातोय." (काकांचं तसं खोटं नाही. पण माझा आवाज आठवडाभर जात नाहीये!)

अरे, पॅड किती मिलिमीटर उरलंय ते सांगा की! नवीन साधारण 10-12 चं असतं, 3 च्या आसपास आलं की बदलायचं. डिस्क किती झिजलेली चालते, तो आकडा बहुतेक वेळा डिस्कवरच कोरलेला असतो. मोजायला कितीसा वेळ लागतो? पण "किती उरलंय?" विचारलं की माणूस असा बघतो, जणू त्याच्या पोरीचा पगार विचारला.

ब्रेक ऑईल कधी बदललं होतं, हे तर चौघांपैकी एकानंही विचारलं नाही. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि लांब उतारावर तापून उकळलं की ब्रेक लागतच नाही, पाय थेट तळाला. आता चाक मीच काढतोय. जॅक काकांचा.