हिंजवडीकरांनो, एआय-सज्ज व्हा!

आधी लिंक्डइनवरचं पद बदला. काल 'सीनिअर जावा डेव्हलपर' होतात, आज 'एआय-फर्स्ट इंजिनिअर' व्हा. काम आणि वाकडच्या फ्लॅटचा हप्ता तेच राहतील, काळजी नसावी.

मग कंपनीने दिलेलं एआय टूल वापरा. त्याचा उपयोग होतो का, हा प्रश्न अडाण्यांचा. वापर मोजणाऱ्या डॅशबोर्डवर तुमच्या नावापुढे हिरवं दिसतंय ना, एवढंच पाहायचं. महिनाअखेरीस आकडा कमी पडला तर एका व्हेरिएबलसाठी पाच नावं मागा, पाचही नाकारा, परत मागा. मॅनेजर काही बोलणार नाही. त्यालाही वरच्यांसाठी स्लाइड भरायचीच असते.

वेग किती वाढला असं विचारलं, तर बेधडक 'तीस टक्के' म्हणा. २०२५मध्ये 'मीटर' (METR) या एआयची चाचणी घेणाऱ्या संस्थेने १६ अनुभवी डेव्हलपरांवर प्रयोग केला. एआय वापरताना त्यांना कामाला १९ टक्के जास्त वेळ लागला आणि सगळं आटोपल्यावरही मंडळींची ठाम समजूत होती, की आपलं काम २० टक्के लवकर उरकलं. सज्जता म्हणतात ती ही! (हा विषय कंपनीच्या टाउन हॉल बैठकीत मात्र काढू नका. अप्रेझल तोंडावर आलंय.)

टूलने लिहिलेला कोड कळला नाही तरी बिनधास्त अप्रूव्ह करा. रात्री दोनला प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरतात ती सिस्टिम, झोपलं की फोन तुम्हालाच येईल, कारण कमिटवर, म्हणजे कोड जमा केल्याच्या नोंदीवर, नाव तुमचं. टूलला ऑन-कॉल नसतो, परतीची कॅबही लागत नाही. उगाच का ते स्वस्त पडतं?

तुम्ही स्वतःच कंपनीचे मालक असाल, तर सल्ला आणखी सोपा. स्वीडनच्या क्लार्ना या पेमेंट कंपनीने २०२४मध्ये जाहीर केलं, की ग्राहकसेवेतला आमचा एआय सहायक ७०० माणसांचं काम करतो. पुढच्याच वर्षी सेवेचा दर्जा घसरल्याचं मान्य करून पुन्हा माणसं घ्यायला सुरुवात केली. बातमी दोन्ही वेळा छापून आली, हे ध्यानात घ्या. कपातीचं कारण मात्र जपून निवडा. टीसीएसने जुलै २०२५मध्ये सुमारे १२ हजार जणांना कमी करायचं ठरवलं, तेव्हा सांगितलं की हे एआयमुळे नव्हे, कौशल्यं जुळत नाहीत म्हणून. निरोप हातात पडलेल्याला या खुलाशाने केवढा धीर आला असेल!

आणि प्रोजेक्ट सुटून बेंचवर आलातच, तर प्रॉम्प्टिंगचा कोर्स करा. परीक्षेची उत्तरं दुसऱ्या टॅबमधल्या चॅटबॉटला विचारा. प्रश्नही बहुधा त्यानेच काढलेले असतात.