हा हात राबलाच नाही म्हणे

काल इथे टांझानियात, मोशी गावच्या बाजारात, मोबाईलच्या दुकानात, निदान पंधरा माणसांच्या देखत एका केळीवाल्या म्हातारीने माझं मनगट धरून हात वर केला, बोटं उलगडून सगळ्यांना दाखवली आणि स्वाहिलीत निकाल दिला, "म्कोनो हू हाउजालिमा." म्हणजे या हाताने कधी शेत केलेलं नाही. लोकांनी माना डोलावल्या. एक जण तर पुढे येऊन माझा तळवा निरखून गेला, बैलबाजारात दात बघतात तसा.

छत्तीस वर्षं खडू धरलाय हो या हाताने.

आधीचं पटकन उरकतो. मी गणिताचा मास्तर, ही सिस्टर, दोघं रिटायर, मुलं आपापल्या संसारात, आणि आम्ही दोन वर्षांसाठी टांझानियात, किलिमांजारोच्या पायथ्याशी एका मिशनच्या शाळेत आणि दवाखान्यात सेवेला. 1831 साली अमेरिकन मिशन नगरला आलं, आमच्या कुठल्यातरी खापरपणजोबाच्या हातात त्यांनी पाटी दिली, ते देणं कुणीतरी कुठेतरी फेडायला पाहिजे, असं मी मंडळीच्या बैठकीत जरा भरात येऊन बोललो आणि सहा महिन्यांत इकडे. कागदावर आम्ही 'अनुभवी ज्येष्ठ दाम्पत्य'. याचा अर्थ पगार नाही, तिकीट आपलं आपण काढायचं आणि सगळ्या किल्ल्या तुमच्याकडे. बीजगणित शिकवायला आलो होतो. शिकवतो आठवड्याला चार तास, बाकी वेळ पाण्याची टाकी भरली का, हॉलमधल्या खुर्च्या किती परत आल्या, प्रिंटरमध्ये कागद कुणी अडकवला. निरोप समारंभात पाळकसाहेब "द्राक्षमळ्यातले कामकरी" म्हणाले होते, मला वाटलं उपमा आहे. ते जाऊ दे.

तर माझं सिम बंद पडलं. इथे सिमशिवाय माणूस म्हणजे पांगळा, कारण दुधापासून विजेच्या टोकनपर्यंत सगळे पैसे मोबाईलवरूनच जातात. सिम चालू करायचं तर पासपोर्ट आणि बोटाचा ठसा. दुकानातल्या मुलीने डबी पुढे केली, मी अंगठा ठेवला, लाल दिवा. पुसून ठेवला, लाल. दुसरं बोट, लाल. दर वेळी ती मुलगी इतकी हळहळून "पोले, बाबू" म्हणायची, की मला वाटलं रिपोर्टमध्ये काहीतरी निघालंय.

बाबू म्हणजे आजोबा बरं का. आयुष्यभर मी पगार काढणाऱ्या पे युनिटमधल्या बाबू लोकांशी भांडलो आणि म्हातारपणी मीच बाबू झालो. आणि आजीला म्हणतात बीबी, त्यामुळे आम्ही दोघं रस्त्याने निघालो की पोरं "बाबू ना बीबी" म्हणून हात हलवतात, हिला ते फार आवडतं.

ठशांचं हे दुखणं तसं जुनं आहे. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो की तिथलं मशीनही मला ओळखायचं नाही, मी समोर धडधडीत उभा, घाम पुसतोय, आणि क्लार्क स्क्रीनकडे बघून म्हणतो, "सर, जुळत नाहीये." काय जुळत नाहीये? मी जिवंत असणं? वय झालं की कातडी सुकते, रेषा झिजतात, त्यात खडू. पण मशीनला कोण सांगणार.

म्हातारीला मात्र सगळं कळत होतं. दुकानाच्या दारात केळ्यांची पाटी घेऊन बसलेली, अंगावर कांगा, म्हणजे इथल्या बायका गुंडाळतात ते छापील कापड, नातवाचं काही काम होतं म्हणून आत डोकावली आणि माझी केस तिने ताब्यातच घेतली. पहिला प्रश्न, "म्हिंदी, दुका लाको लिको वापी?" तुझं दुकान कुठंय? दुका म्हणजे आपलं दुकानच, तो शब्द आपल्याकडूनच गेलाय. इथे हिंदी माणूस म्हणजे दुकानदार, पिढ्यान् पिढ्या तेच बघितलंय त्यांनी. म्हटलं, दुकान नाही, मी मिशनचा. म्हातारी हसली. मिशनरी मझुंगू असतो, गोरा. इथे लायप्झिगहून जर्मन लुथरन 1893 सालीच आले, तेव्हापासून मिशनरीचा रंग ठरलेला आहे, आता मी मध्येच येऊन काय बदलणार. मग तिला सुचलं, "म्गोआ?" गोव्याचा का? हिंदी आणि ख्रिस्ती म्हणजे गोवेकर, तेही या भागात पूर्वीपासून आहेत. म्हटलं नाही बाई, नगरचा. नगर कुठंय ते समजावण्याइतकं स्वाहिली मला येत नाही. खरं म्हणजे हल्ली ते मराठीतही अवघड झालंय, नाव बदलल्यापासून.

मी जरा रागातच ठणकावलं, "मिमी नी माहिंदी!" सगळं दुकान खो खो हसायला लागलं. म्हिंदी म्हणजे भारतीय. माहिंदी म्हणजे मका. पंधरा माणसांसमोर मी छाती काढून सांगितलं होतं की मी मका आहे.

त्यानंतर म्हातारीने उपचार सुरू केले. अंगठा केसांतून फिरव म्हणाली, तेल लागतं. माझ्याकडे बघितलं, केस नाहीत, मग नुसतंच डोक्यावर घासायला लावलं. लाल. मग तिने पाटीतलं एक केळं सोललं, सालाच्या आतल्या बाजूने माझा अंगठा चोळला, केळं स्वतः खाल्लं आणि 200 शिलिंग मागितले. मी दिले. लाल.

मग शांतपणे केळं संपवत ती म्हणाली, हे सगळं होतंय कारण या माणसाने मला शिकामू केलेलं नाही.

हे जरा सांगायला पाहिजे. इथे लहानाने मोठ्याला भेटल्यावर "शिकामू" म्हणायचं, म्हणजे मूळचं 'पाय धरतो', आणि मोठ्याने "मराहाबा" म्हणायचं. शाळेतली चारशे पोरं मला रोज शिकामू करतात, त्याची आता चटक लागलीय, खोटं कशाला बोलू. नगरला शेवटी शेवटी पोरं मोबाईलमधून मानही वर काढायची नाहीत. तर मी कशाला हिला शिकामू करू? मी सांगितलं, माझा जन्म 1957 चा, तुझा? तिला साल माहीत नव्हतं. पण उहुरूच्या रात्री, म्हणजे 9 डिसेंबर 1961 ला देश स्वतंत्र झाला आणि वर किलिमांजारोच्या शिखरावर मशाल पेटवली, तेव्हा तिच्या पाठीवर धाकटा भाऊ बांधलेला होता. पाठीवर भाऊ म्हणजे निदान आठ-दहा वर्षांची. तू तेव्हा काय करत होतास?

आता 1961 म्हणजे पानशेत फुटलं ते साल. आमच्या घरात वयं तशीच मोजायचे, हा पानशेतच्या आधीचा, तो दुष्काळातला. पानशेतच्या वेळी मी चार वर्षांचा, चड्डीचीही सक्ती नसलेला. दुकानात पंच बसलेच होते, बोडाबोडावाला म्हणजे भाड्याची मोटारसायकल चालवणारा, ती ठसेवाली मुलगी, एक पोलीसदादा चार्जर घ्यायला आलेला. निकाल एकमताने लागला. माजी मुख्याध्यापकांनी भर दुकानात, शाळेतल्या पोरासारखं, मान झुकवून म्हटलं, "शिकामू, बीबी." तिने डोळे मिटून "मराहाबा" म्हटलं, हे असं, जसं काही पेन्शन मंजूर करतेय.

अंगठा ठेवला. लाल.

आणि मग तिने तो हात वर केला. हाउजालिमा.

तिचा हातही मी तेव्हाच बघितला, झाडाच्या सालीसारखा, हे कबूल करतो. पण मला ते लागलं. 72 च्या दुष्काळात पंधरा वर्षांचा होतो, आई-वडलांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडलीय मी, अंगठ्याचं नख गेलं होतं, हाच अंगठा. पण खडी फोडणं याला स्वाहिलीत काय म्हणतात? दुष्काळाला? मला येतं ते म्हणजे "किल्ली कुणी नेली", "उद्या या" आणि प्रार्थनेचे शब्द. घरून निघताना सगळ्यांनी सांगितलं, तुमचा अनुभव तिकडे फार कामाला येईल. अनुभव येतो हो, भाषा येत नाही, आणि भाषेशिवाय अनुभव म्हणजे खुर्च्या मोजायला ठेवलेला एक म्हातारा. हे मी प्रार्थनेतही बोललोय. उत्तर आलं नाही, प्रिंटर मात्र पुन्हा बंद पडला.

तेवढ्यात ही आली दवाखान्यातून. म्हातारी उठून उभी राहिली! हिने म्हणे तिच्या सुनेचं बाळंतपण केलंय. दोघी गळ्यात गळे घालून पाच मिनिटं बोलल्या, हिचं स्वाहिली बायकांच्यात बसून बसून असं झालंय की काय सांगू, मला टांझानियातही संसारातल्या भानगडी हिच्याकडूनच कळतात. हिने डबीवर सहज बोट ठेवलं, हिरवा. पहिल्या फटक्यात. जन्मभर भांडी घासलेलं, डेटॉलमध्ये बुडवलेलं बोट. म्हणजे झिजायचं ते माझ्याच नशिबात.

आता घरातला व्यवहाराचा फोन एकच, हिचा. मी छत्तीस वर्षं पगार हातात आणून देणारा माणूस, मांदाझी, म्हणजे इथला तळलेला गोड पाव, खायचा तर पैसे मागून घ्यावे लागतात.

आज सकाळी मुद्दाम पलीकडच्या फुटपाथने चाललो होतो, डोंगर छान उघडला होता, वरचा बर्फही दिसत होता. तिने हाक मारलीच. एक अख्खा घड माझ्या हातात दिला, नको म्हणेपर्यंत. पैसे नाहीत म्हणून मी खिसे उलटे करून दाखवले, तर तिने परस्पर हिला फोन लावला, स्पीकरवर, काहीतरी बोलली, दोघी हसल्या, आणि मग फोनमधून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं आपल्या मराठीत आलं,

"अहो, पैसे पाठवते मी. तुम्ही आधी तिला शिकामू केलंत का?"