कांद्याने चष्मा सुटला?

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की आमच्या यावल-रावेरकडच्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: पांढऱ्या कांद्याचा रस आणि मध रोज डोळ्यात घाला, ४० दिवसांत मोतीबिंदू विरघळतो, चष्माही सुटतो, ऑपरेशन करायचंच तर पिकल्यावर करा, उन्हाळ्यात तर नकोच.

आधी ‘विरघळतो’चं बघू. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर धरलेली साय नव्हे. बाहुलीमागच्या भिंगातली प्रथिनं गोळा होऊन भिंगच गढूळ होतं. शिजलेल्या अंड्याचा पांढरा भाग पुन्हा पारदर्शक होईल का? कांद्याने डोळ्यांतून पाणी वाहतं, एवढंच.

‘चष्मा सुटतो’ यात मात्र तथ्य आहे, आणि मेसेज खपतो तो त्यावरच. आमच्या गल्लीतले एक आबा म्हणाले, “माले आते चष्मा लागत नही.” पेपर खरंच वाचून दाखवला. पण अंगणापलीकडे उभा असलेला स्वतःचा नातू ओळखता येईना! भिंगाचा गाभा घट्ट होत गेला की ते प्रकाश जास्त वळवतं. मग काही दिवस जवळचं बिनचष्म्याने दिसतं, लांबचं धूसर होतं. म्हणजे चष्मा सुटला तो मोतीबिंदू वाढल्यामुळे, नाव झालं कांद्याचं.

पिकू देण्याचा सल्ला जुन्या काळचा, अख्खं भिंग काढून जाड काचांचा चष्मा द्यायचे तेव्हाचा. कृत्रिम भिंग डोळ्यात पहिल्यांदा बसवलं लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांनी, १९४९ साली. आता दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून काम होतं. फार पिकलेला मोतीबिंदू उलट काढायला अवघड, कधी फुगून डोळ्यातला दाबही वाढवतो. उन्हाळ्याचं म्हणाल तर भुसावळचा पारा ४५ वर गेला म्हणून जखम चिघळत नाही; थेंब चुकवले, डोळा चोळला, तर चिघळते.

शिवाय धूसर दिसणं म्हणजे दरवेळी मोतीबिंदूच असं नाही. काचबिंदूत डोळ्याची नस सुकते, बहुधा कडेची नजर आधी जाते, आणि गेलेली परत येत नाही. तिथे हे ४० दिवस महागात पडतात.

राहिला मध. तो निर्जंतुक नसतो. पऱ्हाटीचं (कपाशीच्या झाडाचं) टोक लागून डोळा लाल झाला असेल तर बुबुळात बुरशी शिरायची भीती असते. अशा डोळ्यात मध घालून घरी बसलात तर बुबुळावर फूल (पांढरा डाग) पडू शकतं, आणि ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनने निघत नाही.