'रोज एक हिरवी कॅप्सूल': त्या फॉरवर्डमध्ये काय चुकतंय

व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर थोडक्यात असा: ई जीवनसत्त्व जेवणातून पुरत नाही, ४०० मिलिग्रॅमची हिरवी कॅप्सूल रोज घ्या, हृदय सांभाळलं जातं, कॅन्सर टळतो, जास्त झालं तर लघवीवाटे निघून जातं, फोडून लावली तर डाग जातात.

जेवणातून पुरत नाही? अमेरिकी शिफारस प्रौढांसाठी दिवसाला १५ मिलिग्रॅम. सूर्यफूल तेलाच्या एका मोठ्या चमच्यात साडेपाच, करडईच्या तेलात साडेचार, मूठभर बदामांत (२८ ग्रॅम) जवळपास सात, तेवढ्याच शेंगदाण्यांत दोन, अर्धी वाटी शिजलेल्या पालकात दोनच्या आत-बाहेर. बेरीज आपणच करून पाहा. खोबरेल तेलात मात्र ते जवळजवळ नसतंच, आणि तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवलं की असलेलंही नासतं. स्वयंपाक खोबरेलावरच होत असेल तर दाणे-बदाम हवेतच.

लघवीवाटे जातं? हे 'बी' आणि 'सी'चं वर्णन झालं. 'ई' चरबीत विरघळतं आणि शरीरात साठतं. मोठ्या मात्रेत ते के जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणतं, रक्त गोठायला वेळ लागतो. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) घेणाऱ्यांना धोका इथेच. युरोपची कमाल मर्यादा ३०० मिलिग्रॅम आहे. कॅप्सूलमध्ये असतं टोकोफेरिल ॲसिटेट, म्हणजे 'ई'चंच ॲसिटेट जोडलेलं रूप. त्यातलं ॲसिटेटचं वजन वगळलं तरी ४०० पैकी साधारण ३६० मिलिग्रॅम उरतात, म्हणजे मर्यादेच्या वरच. अमेरिकेची मर्यादा १००० आहे, पण ती 'इतकं घ्या' अशी शिफारस नव्हे.

हृदय, कॅन्सर? 'होप' चाचणीत (२०००) रोज ४०० युनिट (आययू, जीवनसत्त्व मोजायचं वेगळं माप; मिलिग्रॅम नव्हे) घेऊनही हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात कमी झाला नाही. ३५ हजारांहून अधिक पुरुषांच्या 'सिलेक्ट' चाचणीत तर उलटंच: २०११च्या निष्कर्षांनुसार ४०० युनिट घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्के जास्त आढळला. फॉरवर्ड करणाऱ्यांनी एवढं तरी वाचायला हवं होतं.

डाग? १९९९च्या एका छोट्या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या व्रणांवर फायदा दिसला नाही. तिघांपैकी एकाला लावल्या जागी पुरळ उठलं.

औषध म्हणून ते लागतं ते पित्त अडलेलं असताना, सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात, म्हणजे आतड्यातून चरबी शोषली जात नाही तेव्हा. फॅटी लिव्हरच्या काही रुग्णांना डॉक्टर ८०० युनिट देतात, पण बायोप्सीत यकृताची सूज दिसलेल्या, मधुमेह नसलेल्यांना. असं लिहून दिलेलं असेल तर हे वाचून परस्पर बंद करू नका. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञाला कॅप्सूलचं नाव आणि मात्रा आधीच सांगा.